रामबाईचं बसणं

नाचणगावात रामबाईला ओळखत नाही असं माणूस सापडलं नसतं, आणि हीच ओळख पुसून टाकावी म्हणून ती बिचारी जिवाचं रान करत होती. कारण ओळख साधीसुधी नव्हती. रामबाईच्या अंगात मातामाय देवी यायची. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा हा मान सासूकडे होता. सासू गेली आणि तेरवीच्या दिवशीच, पंगत उठायच्या आधी, रामबाईच्या उजव्या पायाचा अंगठा थरथरू लागला. ती थरथर अंगठ्यातून पोटरीत, पोटरीतून मांडीत आणि मांडीतून खांद्यात चढली. पुढचं तिला काही आठवत नव्हतं. शुद्धीवर आली तेव्हा बाया पायाशी बसल्या होत्या आणि तिला घोटभर पाणी हवं होतं.

तेव्हापासून मंगळवार-शुक्रवार तिच्या ओसरीवर बाया जमायच्या. कुणाचं लेकरू तापलेलं, कुणाची बकरी हरवलेली, कुणाचा नवरा नागपूरला जातो म्हणून गेला तो तिकडचाच झालेला. रामबाई केस मोकळे सोडून, पूर्वेला तोंड करून, सासूच्या पाटावर मांडी घालायची. पुढ्यात निखाऱ्यावर ऊद. डोळे मिटले की मायला यायला फारसा वेळ लागत नसे. माय काय बोलली ते रामबाईला नंतर बायांकडून कळायचं, आणि कळलं की तिलाच नवल वाटायचं. एरवी चार माणसांत तोंड न उघडणारी ही बाई. तिच्या तोंडून एवढं शहाणपण कोण बोलून जातं हे तिला कधी उमगलं नाही. तिनं त्याबद्दल कधी कुणाकडून काही घेतलं नाही, आणि सोंगही कधी केलं नाही. आसपासच्या गावांत सोंग करणाऱ्या चिक्कार होत्या. रामबाईचं खरं आहे हे मात्र शेंबडं पोरसुद्धा सांगायचं.

मग छप्पन साल आलं. गावाबाहेरचा सगळा महारवाडा पांढरे कपडे घालून नागपूरला गेला, बाबासाहेबांच्या दीक्षेला. परत आल्यावर घराघरातले देव गाठोड्यांत बांधून वर्धा नदीच्या डोहात सोडले गेले. रामबाईच्या आढ्याखालचा मातामायचा शेंदराचा दगड तिच्या नवऱ्यानं, गोमाजीनं, स्वतः नेला. गोमाजी पुलगावच्या गिरणीत कामाला होता, सभेत दोन शब्द बोलायचा, आणि वाड्याच्या पंचांत त्याला मान होता. कुणाला वाटेल, रामबाई तेव्हा रडली असेल. मुळीच नाही. तिला बरंच वाटलं. बापजाद्यांनी गावाबाहेर राहून गावाची मेलेली ढोरं ओढली, आणि एवढ्या पिढ्यांत मातामायनं एकदा तरी पाटलाच्या अंगात जाऊन त्याला दोन शब्द सुनावले होते का? नव्हते. तेव्हा जाऊ दे दगड डोहात, असं तिनं मनापासून म्हटलं.

पण दगड डोहात टाकता येतो. अंगातलीला कुठं टाकायचं?

वाड्यात टिनाच्या छपराची एक खोली उभी राहिली आणि लोक तिला विहार म्हणू लागले. पौर्णिमेला तिथं पहिली मोठी वंदना झाली. मेणबत्त्या लागल्या, उदबत्तीचा धूर झाला, सगळ्यांनी मांड्या घातल्या, डोळे मिटले. पहिल्या रांगेत बसलेल्या रामबाईचा अंगठा हलला. तिनं तो दुसऱ्या पायाखाली दाबून धरला. काही उपयोग झाला नाही. थोड्याच वेळात तिचे केस सुटले होते, ती घुमत होती आणि मागच्या दोन म्हाताऱ्या सवयीनं हात जोडून बसल्या होत्या. गोमाजी पुढं उभा राहून त्रिसरण म्हणत होता, त्याचा आवाज मध्येच बसला. तरण्या पोरांनी तोंडावर हात धरून हसू दाबलं.

घरी आल्यावर गोमाजी ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. भाकरीचं ताट पुढं घेऊन तो म्हणाला, "लोकं काय म्हनतीन वं? धम्माच्या गोष्टी सांगते गोमाजी, अन् घरात भगतीन पोसते. तू काऊन असं करून राह्यली?"

"म्या काई करून नाई राह्यली," रामबाई म्हणाली. "ते होऊन राह्यलं."

"मंग असं कर. जोवर हे थांबत नाई, तोवर विहारात नोको येजो."

त्यानं हे वाईट मनानं म्हटलं नव्हतं, पण रामबाईच्या काळजात ते रुतलं. आयुष्यभर ती देवळाबाहेर उभी राहिली होती. आता स्वतःच्या हातानं ज्याची भिंत लिंपली त्या विहाराबाहेरही उभं राहायचं? आणि तेही स्वतःच्या अंगापायी? त्या दिवसापासून तिला एकच पाहिजे होतं: मन आपल्या ताब्यात यावं आणि सगळ्यांच्या रांगेत, सगळ्यांसारखं गप बसता यावं.

पुढच्या आषाढात एक भिक्खू, भन्तेजी, वर्षावासाला आले. पावसाळाभर एका जागी राहायचं, असा त्यांचा नेम. हे उत्तरेकडचे, हिंदी बोलणारे, अंगानं काटकुळे आणि पानात पडेल ते गपगुमान खाणारे. वाड्यातल्या बायांना त्यांना वाढून समाधान म्हणून मिळायचं नाही. संध्याकाळी वंदना झाली की ते लोकांना श्वास पाहायला शिकवायचे. साँस आती है, देखो. साँस जाती है, देखो. मन भागेगा, भागने दो, फिर ले आओ. गोमाजीच त्यांना घरी घेऊन आला आणि बायकोची सगळी हकीकत खाली मान घालून सांगितली.

भन्तेजी हसले नाहीत की दचकले नाहीत. म्हणाले, "घर पर बैठो. रोज थोड़ा. मन सीख जाएगा."

आता इथं रामबाईनं जी चूक केली ती तिनंच करावी अशी होती. बसा म्हटलं तर तिला बसणं एकच माहीत होतं. तिनं सासूचा पाट काढला, पुसला, पूर्वेला तोंड केलं. श्वासासाठी बसायचं म्हणजे मन लावून बसायला पाहिजे, म्हणून केस धुऊन मोकळे सोडले. चिलटं धुरानं दूर राहतील म्हणून पुढ्यात चिमूटभर ऊद. डोळे मिटले. श्वास आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला, आणि मातामाय हजर. रामबाई रोज नेमानं बसायची आणि माय रोज नेमानं यायची. पूर्वी आठवड्यातून दोनदा येणारी आता घरच्यासारखी येऊ लागली. गोमाजी गिरणीतून आला की त्याला बायको जमिनीवर निपचित पडलेली दिसे. रामबाईला रडू कोसळायचं. बरं करायला घेतलेलं औषधच रोग वाढवू लागलं, तर माणसानं जायचं कुठं?

शेवटी भन्तेजींनी तिला विचारलं, "बाई, बैठती कैसे हो? दिखाओ." तिनं पाट मांडून, केस सोडून दाखवलं. भन्तेजींनी पाट उचलून घेतला. मग त्यांनी तिला केस बांधायला सांगितले. पाट गोमाजीच्या हातात दिला. म्हणाले, तू बसूच नकोस. डोळे मिटू नकोस. निंदताना श्वास पाहा, दळताना पाहा, पाणी शेंदताना पाहा. आणि अंगठा हलला तर त्याला दाबू नकोस, त्याला बोलावूही नकोस. हल रहा है, बस, देखो.

गोमाजीनं पाट फोडून चुलीत घातला.

मग रामबाईची खरी मशागत सुरू झाली. सकाळी जात्यावर बसली की दाणे टाकताना श्वास आत, खुंटा ओढताना बाहेर. वावरात बाया ओळीनं निंदत असायच्या, गप्पांचा पूर यायचा, आणि रामबाई विळा चालवत आपल्याच नाकाकडे ध्यान लावून. "बाईले काई दुखते का?" असं एकीनं विचारलंसुद्धा. पहिले काही दिवस तर मजाच होती. तव्यावर भाकर टाकून ती श्वास पाहत बसायची आणि भाकर कोळसा व्हायची. गोमाजी ती काळी भाकर तोंडातून ब्र न काढता खायचा. धम्मासाठी त्यानं जे काही सोसलं त्यात या भाकरी धरायलाच पाहिजेत. मन पळायचं. देवळीला दिलेल्या मुलीकडे पळायचं, डोहातल्या दगडाकडे पळायचं. ती त्याला शेळीसारखं कान धरून परत आणायची. अंगठा हलायचा. विहिरीवर, हातात दोर असताना हलायचा. ती नुसती पाहायची. हलते आहे. हलू दे. आणि एकदा, निंदता निंदता, थरथर पोटरीपर्यंत आली, थोडी थांबली आणि आल्या वाटेनं उतरून गेली. रामबाई तणांच्या ढिगावर मटकन बसली. तिनं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. ज्याला सांगावी त्याला कळली नसती.

अश्विनात वर्षावास संपला तेव्हा रामबाई विहारात पहिल्या रांगेत बसत होती. डोळे अर्धे उघडे, अंबाडा घट्ट. मेणबत्ती होती, उदबत्ती होती, आणि रामबाई होती तशी बसून होती. भन्तेजी दुसऱ्या गावाला निघून गेले. गोमाजी आता सभेत सांगू लागला की मन वळवता येतं, आपल्याच घरात पाहा. ती मग पदर ओढून घ्यायची, पण तिला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू, फार आवडायचं.

चैत्रात माता निघाल्या. आता ते नाव घ्यायचं नाही, देवीचा रोग म्हणायचं, असं पंचांनी सांगितलं होतं. दारावर लिंबाचा पाला लावायचा की नाही यावर एक बैठक झाली. तो देवीचा मानायचा की औषधाचा मानायचा हे काही ठरलं नाही, तेव्हा लोकांनी मागच्या दाराला लावला. तिसऱ्या घरात जिजा राहायची. याच वाड्यातली लेक, याच वाड्यात दिलेली. तिची पहिली दोन लेकरं पाळण्यातच गेली. तेव्हा ती रामबाईच्या ओसरीवर येऊन पडली होती, आणि माय बोलली होती की तुझी कूस उजवल. पुढच्या वर्षी कमली झाली. जिजाला मावशी म्हणजे रामबाई, आणि कमली म्हणजे मायनं पदरात घातलेली. देवीची लस टोचणारा टोचणीवाला हिवाळ्यात येऊन गेला तेव्हा जिजानं कमलीला भुशाच्या कोठीमागे लपवलं होतं. टोचून एकुलत्या पोरीला ताप येऊ नये, एवढंच तिला वाटलं होतं.

कमलीला फोड आले. गोमाजी स्वतः जाऊन पुलगावहून डॉक्टर घेऊन आला. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं पोरीला पाहिलं, वेगळी ठेवा म्हणाला, पाणी पाजा म्हणाला, आणि अंगणात येऊन गोमाजीला हळूच म्हणाला की या रोगावर औषध नाही, टोचणी आधी घ्यावी लागते.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोमाजी गिरणीत होता. ऊन तापलं होतं, वाडा सामसूम होता. जिजा मागच्या दारानं आली. पदराखाली तिनं उदाची पुडी आणली होती. ती रडत नव्हती.

"मावशी, एक डाव," ती म्हणाली. "फक्त एक डाव. म्या कोनाले सांगत नाई."

"जिजे, ते आता नाई येत वं."

"तू बोलाव ना. तुनंच देल्ली होती तिले."

"म्या नाई देल्ली, पोरी."

"मंग ज्यानं देल्ली त्याले बोलाव." जिजानं पुडी जमिनीवर ठेवली. "तिचे डोये चिकटले, मावशी. मले म्हनते, माय, दिवा लाव. भर दुपारची म्हनते."

रामबाईला वाटलं, आपण उठून पळून जावं. देवदेवी मानणार नाही अशी तिनं दीक्षेच्या वेळी शपथ घेतली होती. गोमाजीचं तोंड तिच्या डोळ्यांसमोर आलं, विहारातली पहिली रांग आली. मग त्या सगळ्यावर कमलीचे चिकटलेले डोळे आले आणि बाकीचं मागे पडलं. तिनं चुलीतला निखारा काढला. पाट नव्हता, म्हणून नुसत्या भुईवर बसली, पूर्वेला तोंड करून. अंबाडा सोडला. ऊद टाकला. डोळे मिटले. ये, असं मनात म्हणाली. ज्या मायला महिनोन्‌महिने हाकलत होती तिला आता ती काकुळतीनं बोलावत होती. ये माय, या लेकरासाठी ये, मग पुन्हा कधी नको येऊ. मला विहाराबाहेर बसवलं तरी चालेल.

श्वास आत गेला. श्वास बाहेर आला. किती छान शिकलं होतं मन. कुठंही पळत नव्हतं. धूर नाकाला लागत होता, तो लागतोय हे तिला कळत होतं. बाहेर कुठंतरी कोंबडी ओरडली, तेही कळलं. जिजाचा श्वास जोरात चालला होता. अंगठा भुईवर पडून होता, थंडगार. रामबाईनं दात आवळले, अंग घट्ट केलं, सासूला हाक मारली. आत सगळं शांत होतं. आयुष्यात इतकी शांतता तिला कधी मिळाली नव्हती, आणि त्या शांततेची तिला त्या क्षणी किळस आली.

मग तिनं ते केलं जे तिनं जन्मात केलं नव्हतं. तिनं स्वतःच अंगठा हलवला. पोटरी हलवली. खांदे घुमवायला लागली, केस तोंडावर आणले, आणि घशातून तो हुंकार काढला. काय बोलायचं ते तिला माहीत नव्हतं, कारण माय काय बोलायची ते तिनं कधी ऐकलंच नव्हतं. "बरी होईन," ती म्हणाली. "पोरगी बरी होईन तुयी."

जिजा लहानपणापासून त्या ओसरीवर बसत आली होती. तिनं थोडा वेळ पाहिलं. मग ती पुढं झाली आणि रामबाईच्या खांद्यावर हात ठेवून तिला थांबवलं.

"राहू दे मावशी," ती म्हणाली. "उगी तरास नोको करून घेऊ."

तिनं निखाऱ्यावर राख लोटली, उरलेली पुडी पदराला बांधली आणि आली तशी मागच्या दारानं गेली. रामबाई केस मोकळे टाकून भुईवरच बसून राहिली. जिजानं शिवी दिली असती, थोबाडीत मारली असती, तर तिला तोंड तरी दाखवता आलं असतं.

कमलीनं आठवडाही काढला नाही.

इथं एक सांगायला पाहिजे, नाहीतर कुणाला वाटायचं की माय आली असती तर पोर वाचली असती. रामबाईलाही तसं वाटत नव्हतं. मायच्या काळातही माता निघाल्या होत्या आणि ओसरीवर येऊन गेलेल्यांचीही लेकरं गेली होती. पण तेव्हा आया तिच्या मांडीवर डोकं आपटून रडायच्या. माय त्यांना काहीतरी सांगायची, आणि त्या रात्री त्या बाया झोपायच्या. त्यांना भांडायला कुणीतरी होतं. जिजा कुणाशी भांडणार? रामबाईला हे कळत होतं आणि त्यावर तिला काही करता येत नव्हतं. गोमाजीला तिनं त्या दुपारचं काही सांगितलं नाही. तो मात्र हळहळून म्हणाला की टोचणी घेतली असती तर, आणि ते अगदी खरं होतं, आणि त्याचाही काही उपयोग नव्हता.

वैशाखी पौर्णिमेला भन्तेजी पुन्हा आले. विहार भरून गेला होता, दारात माणसं उभी होती. सगळे श्वास पाहायला बसले. बसणं संपल्यावर भन्तेजींचं लक्ष पहिल्या रांगेत गेलं आणि त्यांचा चेहरा फुलला. इतका आनंद त्यांनी जेवताना कधी दाखवला नव्हता.

"इस बाई को देखो," ते लोकांना म्हणाले. "मन कैसे बैठता है, इनसे सीखो."

गोमाजीनं मान ताठ केली. बायांनी वळून पाहिलं. जिजा भिंतीला टेकून बसली होती, तिनंही पाहिलं. रामबाईला भुईत गडप व्हावंसं वाटलं, पण तिचा श्वास बिघडला नाही. आता तो बिघडतच नव्हता.

लोक पांगले. रामबाई चटया गोळा करत होती, तेव्हा जिजा जवळ येऊन उभी राहिली.

"मावशी, ते बसनं मलेबी शिकव ना."

रामबाईनं हातातली चटई खाली ठेवली. "कायले वं?"

"झोप नाई लागत."

दोघीच उरल्या होत्या. रामबाईनं चटई अंथरली, जिजाला बसवलं, तिचे केस आपल्या हातानं बांधून दिले. भन्तेजींनी सांगितलं होतं ते सगळं तिनं नीट, काहीही न विसरता सांगितलं. डोये पुरे नोको मिटू. अर्धे उघडे ठेव. मन पळन, पळू दे, मंग आनजो. श्वास येते, जाते, तेवढं पाहजो. जिजा शहाण्या लेकरासारखी बसली. तिची छाती एकदा वर झाली आणि खाली आली. पुन्हा वर झाली आणि तिथंच थांबली.

"मावशी," ती म्हणाली, "श्वास घेतला का तिच्या अंगाचा वास येते."

केसांवर रामबाईकडे उपाय होता, डोळ्यांवर होता, पाटावर होता. श्वास घेऊ नको असं मात्र कुणाला सांगता येत नाही. जिजा तिच्या तोंडाकडे पाहत होती, ओसरीवर पाहायची तशी, काहीतरी बोललं जाईल म्हणून. रामबाईनं आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. तो जागच्या जागी होता.